जाळरेषेसाठी पाठीवरचा ब्लोअर घेताय? सीसी सोडा, न्यूटन बघा

थंडी ओसरायला लागली की ग्रुपवर तोच प्रश्न येतो, ब्लोअर (हवेच्या झोताने पाचोळा उडवणारं मशीन) कुठला घ्यायचा? विचारणारे म्हणजे ग्रामसभेतली पोरं, वनसमितीचे सचिव, वणवा विझवायला जाणारे स्वयंसेवक, आणि सगळे स्क्रीनशॉट टाकतात ज्यात मोठ्या अक्षरात सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार, लिहिलेलं असतं, त्याखाली वाऱ्याचा वेग आणि किंमत. मी परतवाड्याकडचा, मेळघाटच्या कडेच्या सागाच्या जंगलात ही मशीनं पाठीवर घेऊन फिरलोय, त्यामुळे मला जे कळलंय ते एकदा सगळं लिहून काढतो.

आधी काम काय आहे ते सांगतो, कारण मशीन कामावरून ठरतं. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे, त्याच्या आधीच काढून झालेल्या असतात, पण साग काही आपल्या वेळापत्रकाने पानं गाळत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्येही पान पडतच राहतं आणि जानेवारीत चकाचक केलेल्या रेषेवर पुन्हा पाचोळ्याचा थर बसतो. मग ती रेषा आग थांबवत नाही, आग आरामात ओलांडून जाते. खराट्याने तेवढी लांबी पुन्हापुन्हा झाडणं माणसांच्या जिवावर येतं, ब्लोअरवाला मात्र चालण्याच्या वेगाने झाडत जातो.

आता आकडे. माहितीपत्रकावर तीन येतात: सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते, एमपीएच म्हणजे ती हवा तासाला किती मैल वेगाने सुटते, आणि न्यूटन म्हणजे पानांवर प्रत्यक्ष जोर किती पडतो. बागेच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार लांब जाते पण बादली काही लवकर भरत नाही, वेगाचं आणि प्रमाणाचं नातं तसंच आहे. बारीक नोझल लावून वेग कितीही फुगवता येतो, म्हणून नुसता वेग बघून मशीन घेणं चूक आहे असं मी ठामपणे सांगतो.

स्टिल (Stihl) या एकाच कंपनीची तीन मशीनं शेजारी ठेवा म्हणजे कळेल. बीआर ६०० मध्ये ६४.८ सीसीचं इंजिन, ६७७ सीएफएम, २३८ एमपीएच, जोर ३२ न्यूटन. बीआर ७०० मध्येही ६४.८ सीसीच, पण हवा ९१२ सीएफएम आणि वेग उतरून १९७, तरी जोर वाढून ३५ न्यूटन! म्हणजे सीसी तेवढंच, वेग कमी, आणि जोर जास्त. पुढे बीआर ८००, ७९.९ सीसी, हवा परत ९१२ च पण वेग २३९, आणि जोर ४१. सीसी किंवा एमपीएच यातला एकच आकडा बघून या तिघांचा क्रम कोणालाच नीट लावता येणार नाही, न्यूटन बघितला की लगेच लागतो.

मी एकदा बीआर ८०० चा हिशोब करून बघितला. ९१२ सीएफएम म्हणजे सेकंदाला अर्ध्या किलोहून थोडी जास्त हवा, २३९ एमपीएच म्हणजे सेकंदाला १०७ मीटर, दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोर, तो येतो ५५ न्यूटनच्या आसपास, आणि कंपनी स्वतः लिहिते ४१. यात लबाडी नाही, छापलेला वेग हा झोताच्या सगळ्यात जोरदार जागेचा कमाल वेग असतो आणि सगळी हवा काही त्या वेगाने जात नाही. न्यूटनचा आकडा मात्र एन्सी बी१७५.२ या अमेरिकन मानकाप्रमाणे जोर मोजूनच काढतात, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करायला तोच बरा. आणि सीएफएम बघताना तो पाइप लावून मोजलाय की पाइपशिवाय हे नक्की वाचा, पाइपशिवायचा आकडा बराच मोठा दिसतो आणि जंगलात पाइप काढून कोणी काम करत नाही.

जोरात या तिघांच्याही पुढे म्हणाल तर इको कंपनीचा पीबी-९०१०, ७९.९ सीसी, १११० सीएफएम, २२० एमपीएच आणि तब्बल ४८ न्यूटन. हस्कवर्नाचा ५८०बीटीएस ७५.६ सीसी, ९०८ सीएफएम, २०६ एमपीएच, तोही दणकट गडी आहे.

मग सरळ ४८ वालाच घ्यायचा का? इथे वजन येतं. बीआर ६०० रिकामा ९.८ किलो, बीआर ८०० ११.७ आणि पीबी-९०१० जवळपास १२. किलोमागे जोर काढला तर मोठी मशीनंच जिंकतात, इकोचं किलोला चार न्यूटन पडतं आणि बीआर ६०० चं सव्वातीन. कागदावर हे बरोबर आहे. पण चढ चढताना गुडघ्याला किलोमागचा जोर कळत नाही, एकूण वजन कळतं, त्यात टाकीतलं पेट्रोल (बीआर ६०० ची टाकी १.४ लिटरची, बीआर ८०० ची २ लिटरची), वर पाण्याच्या बाटल्या, आणि मागून येणाऱ्याच्या हातात पेट्रोलचा कॅन. पूर्ण थ्रॉटलवर टाकी तास-सव्वातासात संपते त्यामुळे कॅन लागतोच. माझं मत असं की जिथे रस्त्याच्या कडेने रेषा आहे आणि मागे गाडी येऊ शकते तिथे ८०० किंवा ९०१० घ्या, एका फेरीत रुंद पट्टा साफ होतो. डोंगरउतारावर, दगडगोट्यात, पोरं आलटून पालटून मशीन घेणार असतील तिथे बीआर ६०० च बरा. सागाचं पान मोठं आणि हलकं असतं, ३२ न्यूटनला ते उडतंच, फक्त सकाळी दव पडून एकमेकांना चिकटलेलं असलं तर ऊन वर येईपर्यंत थांबा.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हे सगळे आकडे दाट हवेचे आहेत. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर, आणि तिथे दुपारी ३८ अंश असले तर हवा सहाव्या हिश्श्याने विरळ होते, त्यामुळे पंखा तेवढाच फिरला तरी ३२ चे २६-२७ न्यूटन उरतात, इंजिन दमतं ते वेगळंच. मोजूनमापून लहान मशीन घेणाऱ्यांनी हे जरूर धरा. हातात धरायचे छोटे ब्लोअर तर या कामाला घेऊच नका.

बॅटरीवाल्यांबद्दलही विचारतात. कॅलिफोर्नियात २०२४ पासून नव्याने बनणाऱ्या असल्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट आहे, त्यामुळे तिकडे बॅटरीकडे वळणं भागच आहे, आणि स्टिलचा बीजीए ३०० बॅटरीवर २६ न्यूटन देतो हे खरंच कौतुकाचं आहे. पण आपल्या जंगलात चार्जिंग कुठे करणार, सध्या तरी पेट्रोलच.

पेटलेल्या आगीवर ब्लोअर वापरताना मात्र जपा रे बाबांनो. घोट्या-गुडघ्याएवढ्या ज्वाळा असलेली पाचोळ्याची आग त्याने जळालेल्या बाजूला ढकलता येते, तशी ती विझते पण. उंच गवत पेटलं असेल, वारा उलटा असेल, तर हाच झोत ठिणग्या पलीकडे नेऊन टाकतो. ब्लोअरवाल्याच्या मागे फांद्या घेऊन दोघं तरी हवेत, कारण ओंडका धुमसत असला की झोताने तो विझत नाही, उलट फुलतो. कानाजवळ आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो म्हणून कानपट्टी लागते आणि ती लावली की हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, आगीपासून लांब जाऊन आधी थंड होऊ द्यायचं.

मोहाखालचा पाचोळा आधीच साफ करून दिला तर फुलं वेचायला कोणाला पाला जाळावा लागत नाही. मार्चमध्ये मशीन रिकामं असेल तर गावातल्या मोहांखाली जरूर फिरवा, कित्येक वणवे तिथूनच सुरू होतात.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या मशीनवर सीसी आणि हॉर्सपॉवर ठळक असतं, न्यूटन कुठेच नसतो. विक्रेत्याला न्यूटन विचारा आणि डायफ्राम, स्टार्टरची दोरी कुठे मिळेल तेही विचारा, उत्तर आलं नाही तर घेऊ नका. एप्रिलमध्ये आग लागलेली असताना दोरी तुटली आणि पार्ट कुरियरने यायचा असेल तर ते मशीन काय कामाचं.

तेल लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१. बीआर मालिकेच्या या इंजिनांना फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह असले तरी पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं मिश्रणच लागतं, नुसतं पेट्रोल टाकलं तर इंजिन जाम होईल. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, इथेनॉलचं पेट्रोल पावसाळाभर कार्बोरेटरमध्ये राहिलं तर ओल धरतं. आणि घ्यायचंच असेल तर दिवाळीनंतर लगेच घ्या, दोन एअर फिल्टर, दोन प्लग, एक दोरी सोबतच, म्हणजे डिसेंबरात रेषेचं काम सुरू होईपर्यंत पोरांचा हात बसलेला असतो.