कारखान्यातले बोलणे टीम्सवर आणताना

आमच्या कंपनीचे डिझाइन, नियोजन आणि खरेदी हे विभाग भोसरीला आहेत आणि मशीन शॉप कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. दोन्हीकडच्या माणसांना दिवसभर एकमेकांशी बोलावे लागते आणि २०२० च्या टाळेबंदीपासून हे सगळे बोलणे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालत होते. निरोप लगेच पोहोचत असे, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मात्र एखाद्या ड्रॉइंगमध्ये कोणता बदल ठरला आणि तो कोणी मंजूर केला, हे महिन्याभराने शोधायची वेळ आली की वाढदिवसाच्या शुभेच्छा, रजेचे निरोप आणि डिस्पॅचचे फोटो यांच्या गर्दीत हवा तो मेसेज हाती लागत नसे. कंपनीने मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेले होते, त्यात टीम्स हे कार्यालयीन संभाषण, मीटिंग आणि फाइलींसाठीचे ॲपही होते. पण ईमेल आणि एक्सेल यांपलीकडे त्यातले काही कोणी उघडत नव्हते. नियोजनाचे काम माझ्याकडे असल्याने हे संभाषण टीम्सवर आणण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आली.

ॲप उतरवून घेणे आणि लॉगिन करणे यात फारसे काही अवघड नव्हते. खरा प्रश्न होता तो चॅट आणि चॅनल यांतला फरक सगळ्यांच्या गळी उतरवण्याचा. चॅट दिसायला व्हॉट्सॲपसारखे असल्यामुळे प्रत्येक जण आपसूक तिथेच जाई आणि दोघांतले बोलणे दोघांतच राही. चॅनल म्हणजे टीममधल्या, म्हणजे एका गटातल्या, सगळ्यांना दिसणारी सामाईक जागा. तिथे विषय देऊन पोस्ट टाकता येते, तिच्याखाली उत्तरे येतात आणि टीममध्ये उद्या नव्याने आलेल्या माणसालाही सगळा मागचा व्यवहार वाचता येतो. शिरोलीचे सुपरवायझर सुरुवातीला उत्तरसुद्धा नवी पोस्ट म्हणून टाकत, त्यामुळे प्रश्न एकीकडे आणि उत्तर भलतीकडे पडे. हे सूचनापत्रक काढून सुटले नाही. शिफ्ट बदलताना शॉपवर उभे राहून, त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच कामाच्या पोस्टखाली उत्तर देऊन दाखवल्यावर ते अंगवळणी पडले, आणि माझ्या मते असे काम करवून घेण्याचा दुसरा मार्ग नाही.

फाइलींच्या बाबतीत मात्र अधिक खोलात जावे लागले. चॅनलवर टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे सामाईक ऑनलाइन साठ्यात जाते, म्हणजे ती टीमच्या मालकीची राहते. चॅटमध्ये पाठवलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ऑनलाइन साठ्यात साठते आणि समोरच्याला केवळ ती उघडण्याची परवानगी मिळते. खरेदी विभागातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होणार होते, तेव्हा या फरकाचे गांभीर्य सर्वांच्या लक्षात आले. पुरवठादारांचे दरपत्रक आणि तपासणीचे अहवाल त्यांनी विश्वासाने चॅटमधून पाठवले होते. कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकले की वेगळी व्यवस्था केली नसेल तर त्याचे वनड्राइव्ह साधारण ३० दिवसच राखले जाते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघांनी शेजारी बसून एकेक फोल्डर पाहिला आणि चालू कामाची प्रत्येक फाइल संबंधित चॅनलमध्ये हलवली. त्यानंतर ‘कामाची फाइल चॅनलवरच’ हा नियम कोणाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

शोधण्याच्या सोयीसाठी आणखी एक शिस्त लावावी लागली. कोणी ‘बेअरिंग’ लिहितो, कोणी ‘बेरिंग’, कोणी तेच रोमन लिपीत लिहितो, आणि शोधताना एका रूपावरून दुसरे सापडत नाही. म्हणून पोस्टच्या विषयात ड्रॉइंग क्रमांक ड्रॉइंगवर छापला आहे तसाच लिहायचा, पुढचा मजकूर ज्याला जसा सुचेल तशा मराठीत लिहायचा, असे ठरवले. ज्यांना संगणकावर मराठी लिहिण्याची सवय नव्हती, त्यांना विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू करून दिला. आपल्या भाषेत लिहिता येते म्हटल्यावर ऑपरेटर मंडळीही अडचणी सविस्तर मांडू लागली, याचे मला विशेष समाधान आहे.

मीटिंगमध्ये पहिला अडथळा आवाजाचा होता. शॉपवरून कोणी सामील झाले की मशीनचा आवाज सगळ्यांच्या कानावर आदळे. म्हणून बोलणे नसेल तेव्हा माइक बंद ठेवायचा आणि लॅपटॉपवर एखादे वाक्यच बोलायचे असेल तर कंट्रोल व स्पेसबार दाबून धरून बोलायचे, हे शिकवले. टीम्समध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट दाबण्याची सोय आहे आणि ती एरवी उत्तम काम करते. एकदा मात्र एका लेथच्या स्पिंडलमधून विचित्र आवाज येऊ लागला आणि सुपरवायझरने लॅपटॉप मशीनजवळ नेऊन म्हटले, “मॅडम, ऐका, घासल्यासारखं येतंय बघा.” आम्हाला भोसरीत काहीच ऐकू येईना, कारण हवा होता तोच आवाज गोंगाट समजून दाबला जात होता. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केल्याबरोबर घरघर स्पष्ट ऐकू आली आणि देखभाल विभागाच्या साहेबांनी बेअरिंग तपासायला सांगितले. शॉपवरच्या प्रत्येक लॅपटॉपवर ही सेटिंग कुठे आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

रेकॉर्डिंग आम्ही सरसकट करत नाही. ते सुरू झाल्याची सूचना सर्वांना दिसते आणि त्यामुळे काही जण मोकळेपणाने बोलत नाहीत, हा त्यांचा संकोच मला रास्त वाटतो. ग्राहकाच्या तपासणीची मीटिंग असेल तेवढीच रेकॉर्ड करतो आणि तिची मुदत लगेच वाढवून ठेवतो, कारण वेगळे ठरवलेले नसेल तर रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप निघून जाते. बाकी मीटिंगांमध्ये काय ठरले, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढे त्याच चॅनलवर त्याच दिवशी लिहिले जाते. रात्रपाळीत मशीन बंद पडले तर मात्र पोस्ट टाकून थांबायचे नाही, सरळ फोन करायचा आणि झालेले काम सकाळी चॅनलवर नोंदवायचे, असा आमचा शिरस्ता आहे.