दहा मुले, सहा जागा : विभागीय फुटबॉल स्पर्धेतील एका दिवसाचा वृत्तांत

आमच्या प्राथमिक शाळेचा फुटबॉल संघ यंदा प्रथमच लहान मैदानावरच्या विभागीय स्पर्धेत उतरला. नऊ-दहा वर्षांची दहा मुले, त्यांत चार मुली, आणि त्यांच्यासोबत मी व माझे एक सहकारी शिक्षक असे आम्ही बारा जण गेलो होतो; काही पालकही बरोबर आले होते. गोलरक्षकासह सहा खेळाडूंचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन भाग, पाच-पाच संघांचे दोन गट आणि गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, अशी स्पर्धेची रचना होती. पुढे जे शिक्षक आपला संघ घेऊन अशा स्पर्धेला जातील त्यांच्यासाठी हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे, कारण अशा दिवशी प्रत्येक मूल जेमतेम अर्धा तास खेळते आणि उरलेले चार-पाच तास थांबते, ही साधी गोष्ट मला मैदानावर पोहोचल्यावर कळली. आमची महिनाभराची सगळी तयारी त्या अर्ध्या तासासाठी होती, आणि आमचे जे काही चुकले ते बहुतांशी उरलेल्या वेळात चुकले.

प्रवास दोन तासांचा होता. पहिल्या सामन्यापूर्वी एक तास आधी पोहोचावे असा हिशोब करून आम्ही निघालो आणि ठरल्या वेळी पोहोचलोही. पण मैदानाचे योग्य प्रवेशद्वार सापडेपर्यंत पंधरा मिनिटे गेली, नोंदणीच्या रांगेत वयाचे दाखले तपासून होईपर्यंत आणखी पंचवीस मिनिटे गेली आणि मुलांच्या हाती सरावासाठी उरली वीस मिनिटे. त्यातही दोघांना बस लागली होती आणि ती दोघे अजून सावरत होती. म्हणून माझा आग्रह असा आहे की पोहोचण्याची वेळ किमान दीड तास आधीची धरावी, नोंदणीसाठी एकाच मोठ्या माणसाने सर्व कागद एका पाकिटात घेऊन थांबावे आणि दुसऱ्याने मुलांना आधी स्वच्छतागृहाकडे व मग थेट मैदानाकडे न्यावे. बस लागणाऱ्या मुलांना पुढच्या बाजूला बसवावे आणि पहिल्या काही मिनिटांसाठी त्यांना राखीव धरूनच संघ लिहावा.

मैदानात उतरण्यापूर्वी पंचांनी प्रत्येक मुलाची साधने तपासली. शिनपॅड, म्हणजे नडगीचे संरक्षक, मोज्यांनी पूर्ण झाकलेले असावेत आणि अंगावर कोणताही दागिना असू नये, हे फुटबॉलच्या मूळ नियमांपैकी चौथ्या नियमात स्पष्ट आहे. दागिन्यावर चिकटपट्टी लावून खेळण्याचीही मुभा त्यात नाही. आमच्या एका मुलीने नुकतेच कान टोचले होते. पट्टी लावली की चालेल, या समजुतीने आम्ही तिला तशीच आणली होती. सोबत आलेल्या तिच्या आईने ती कर्णफुले हळूहळू काढेपर्यंत पहिला सामना निम्मा संपला होता, आणि कडेला उभी राहून ती मुलगी रडू आवरत होती. ही तपासणी आदल्या दिवशी शाळेतच करून घ्यावी. बुटांचेही तसेच आहे. मैदान कृत्रिम गवताचे असेल तर धातूचे स्टड चालत नाहीत आणि उन्हात ते गवत नैसर्गिक गवतापेक्षा पुष्कळ अधिक तापते, त्यामुळे मुलांना त्यावर बसू देऊ नये. हलवता येणारे गोलखांब जमिनीला पक्के बांधलेले आहेत ना, हे मी स्वतः हलवून पाहिले. आडव्या दांड्याला लोंबकळताना खांब अंगावर पडून जगात अनेक ठिकाणी मुले दगावली आहेत, तेव्हा ही तपासणी आयोजकांवर सोडून देऊ नये आणि दांड्याला हात लावू नये हे मुलांना बसमध्येच बजावून ठेवावे.

पहिला सामना आम्ही ०-३ असा हरलो आणि त्यातला पहिला गोल पूर्णपणे माझ्या चुकीने झाला. आमच्या गोलरक्षकाचा हात विलक्षण जोरकस आहे. चेंडू अडवला की तो थेट समोरच्या अर्ध्यात फेकतो, आणि महिनाभर आम्ही त्याच फेकीवर आक्रमण बसवले होते. या स्पर्धेच्या नियमपत्रकात मात्र गोलरक्षकाने फेकलेला चेंडू मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी जमिनीला किंवा एखाद्या खेळाडूला लागला पाहिजे, असे कलम होते. मी ते वाचले होते, पण मुलांकडून त्याचा सराव करून घेतला नव्हता. चौथ्याच मिनिटाला त्याने नेहमीप्रमाणे फेक केली, पंचांनी मध्यरेषेवरून प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल धरत नाहीत अशी मोकळी किक, दिली आणि प्रतिस्पर्ध्यांनी दोन पासांत गोल केला. आपण काय चुकलो हे त्या मुलाला कळेना, आणि मैदानाबाहेरून ते समजावून सांगायला वेळही नव्हता.

लहान गटांच्या स्पर्धांमध्ये नियम जागोजागी बदलतात, कारण वयोगटानुसार मैदान, चेंडू, गोल, वेळ आणि बदली खेळाडू यांत फेरफार करण्याची मुभा मूळ नियमांतच दिलेली आहे. तेव्हा ऑफसाइड (प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या पलीकडे उभे राहून पास घेण्याची मनाई) आहे की नाही, चेंडू कडेबाहेर गेला तर हाताने फेकायचा की पायाने मारायचा, सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेतलेला चालतो की १९९२पासून लागू असलेली मनाई इथेही आहे, डोक्याने चेंडू मारता येतो का, गोल किकच्या (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू बचाव करणारा संघ पुन्हा खेळात आणतो त्या) वेळी प्रतिस्पर्ध्याने किती मागे जायचे, आणि गुण समान झाले तर आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) पाहणार की आपसातला सामना, ही प्रश्नावली करून प्रत्येकाचे उत्तर पत्रकातून शोधावे आणि मग त्या नियमांनी किमान दोन सराव सामने खेळवावेत. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील फुटबॉल संघटनांनी २०२०मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावात हेडिंग घेऊ नये अशी मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून मीही सरावातून ते वगळले आहे. या स्पर्धेत तर मुद्दाम केलेल्या हेडिंगला फ्री किकच होती. चेंडू चार क्रमांकाचा, म्हणजे सुमारे ६३.५ ते ६६ सेंटिमीटर परिघाचा होता. सराव त्याच मापाच्या चेंडूने झालेला असावा, कारण पाच क्रमांकाच्या मोठ्या चेंडूवर बसलेली पायाची सवय एका सकाळीत बदलत नाही.

आता बदली खेळाडूंविषयी, कारण या दिवसातले माझे सर्वांत मोठे समाधान त्या एका कागदात होते. खेळ न थांबवता कितीही वेळा बदल करण्याची परवानगी होती. अशा परवानगीत नकळत घडते असे की संघ मागे पडला की चांगली खेळणारी पाच-सहा मुले मैदानावरच राहतात आणि उरलेली दिवसभर बाकावर बसून घरी जातात. हे टाळायचे असेल तर निर्णय सामन्याच्या धामधुमीत न घेता आदल्या रात्री कागदावर घ्यावा लागतो. मी प्रत्येक सामन्याचे साडेतीन मिनिटांचे चार तुकडे केले. सहा जागा आणि चार तुकडे म्हणजे एका सामन्यात २४ जागा, चार सामन्यांत ९६. दहा मुलांत त्या वाटल्या तेव्हा सहा मुलांना प्रत्येकी दहा आणि चौघांना प्रत्येकी नऊ तुकडे आले, म्हणजे कोणी ३५ मिनिटे खेळणार होते तर कोणी साडेएकतीस. गोलमध्ये उभे राहण्याची आवड असलेली दोन मुले होती. प्रत्येक सामन्याचा एक-एक भाग त्यांनी वाटून घेतला, त्यामुळे दोघांचे आठ-आठ तुकडे गोलमध्ये आणि दोन-दोन मैदानात झाले. तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून मी बाकाजवळ लावला होता. आपली पाळी कधी येणार हे प्रत्येकाला दिसत असल्यामुळे, “बाई, मी कधी?” हा प्रश्न मला दिवसभरात क्वचितच ऐकावा लागला. बस लागलेली मुले आणि कर्णफुलांचा प्रसंग यांमुळे पहिल्याच सामन्यात तक्ता बदलावा लागला, पण बदललेले तुकडे पेन्सिलीने टिपून ठेवल्याने पुढच्या सामन्यांत ते भरून देता आले. पेन्सिल आणि खोडरबर जवळ ठेवावेच.

दुसरा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तिसरा आम्ही २-० असा जिंकलो, पण त्याच सामन्यात डावीकडून खेळणारा आमचा मुलगा प्रतिस्पर्ध्याशी डोके आपटून खाली पडला. क्षणभराने तो उठला, हसला आणि “काही नाही झालं” म्हणाला. मात्र डोळ्यांसमोर गरगरते आहे, हे त्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नसते. मी त्याला बाहेर घेतले, मैदानावरच्या वैद्यकीय कक्षात तपासून घेतले, आणि माझे सहकारी उरलेला वेळ त्याच्याजवळ सावलीत बसून राहिले. उपांत्य फेरीची संधी समोर असताना दोन पालकांनी, तो आता ठीक दिसतो आहे, असे मला सुचवून पाहिले. अशा वेळी मोठ्या माणसाने निर्णय बदलू नये. एका संघाबरोबर दोन जबाबदार मोठी माणसे का हवीत, याचे उत्तरही मला तिथेच मिळाले, कारण एकटी असते तर त्या मुलाजवळ बसावे की उरलेल्या नऊ जणांकडे पाहावे, हे मला ठरवता आले नसते.

थांबण्याच्या वेळेविषयी सांगायचे तर, पाच संघांच्या गटात दहा सामने होतात आणि मधला वेळ धरून एका सामन्याला वीस मिनिटे लागली, म्हणजे नुसती गटसाखळी संपायलाच तीन तास वीस मिनिटे गेली. पहिल्या दोन सामन्यांच्या मध्ये आमची मुले कडेला सतत चेंडू मारत, धावत राहिली. दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात त्यांचे पाय जड झालेले स्पष्ट दिसत होते आणि बरोबरीचा गोल आम्ही तेव्हाच खाल्ला. त्यानंतर मी चेंडू पिशवीत बांधून ठेवले. सावलीत सतरंजी, बूट काढून पाय मोकळे, थोडे-थोडे पाणी, आणि आपल्या सामन्याआधी पाच मिनिटे हलकी धावपळ, एवढाच क्रम ठेवला. सविस्तर वॉर्म-अप सकाळी एकदाच पुरतो. त्यासाठी आम्ही फिफाचा ‘११+ किड्स’ हा सात व्यायामांचा कार्यक्रम वापरतो. चार युरोपीय देशांतील मुलांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती ४८ टक्क्यांनी कमी आढळल्या. अर्थात त्याचा उपयोग महिनोन्‌महिने केल्यावर होतो, स्पर्धेच्या सकाळी प्रथमच करून नव्हे.

बसलेल्या मुलांना मी एक काम दिले. पुढचा प्रतिस्पर्धी समोर खेळत असेल तेव्हा दोघांनी मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे: त्यांचा गोलरक्षक चेंडू कुठे देतो? चौथ्या सामन्यापूर्वी दोन मुली धावत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, तो दर वेळी डावीकडेच सरपटत देतो.” पंधरा मिनिटांत त्यांनी नऊ वेळा मोजले होते. आम्ही आमचा एक खेळाडू त्या बाजूला थोडा आडोशाला उभा केला, दुसऱ्या भागात त्याने तो पास मध्येच पकडला आणि सामन्यातला एकमेव गोल तोच ठरला. गोल करणाऱ्याच्या आधी मुलांनी त्या दोघींना मिठी मारली. प्रश्न मात्र एकच द्यावा. पहिल्यांदा मी चार प्रश्न दिले होते आणि तेव्हा कोणीच काही पाहिले नाही.

पालकांविषयी थोडेसेच लिहिते. आमच्याबरोबर आलेल्या पालकांना मी समोरच्या कडेला उभे राहण्याची आणि सूचना न देता फक्त टाळ्या वाजवण्याची विनंती केली होती. पहिल्या सामन्यात ती पाळली गेली नाही. “मार, मार” आणि “पास दे” अशा दोन्ही हाका एकाच मुलाला एकाच क्षणी ऐकू येत होत्या आणि तो चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला होता. मध्यंतरात हेच दृश्य त्यांना शांतपणे सांगितल्यावर सर्वांनी ऐकले. ही विनंती निघण्यापूर्वी लेखी द्यावी.

गटात आमचे सात गुण झाले आणि दुसऱ्या एका संघाचेही सातच. त्या संघाशी आमची बरोबरी झालेली होती; पण नियमाप्रमाणे आधी गोलफरक पाहिला गेला, तो आमचा शून्य आणि त्यांचा अधिक दोन होता, त्यामुळे ते पुढे गेले. पहिल्या सामन्यात ०-२ अशा पिछाडीनंतर सगळी मुले गोल करायला पुढे धावली होती आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिसरा गोल झाला होता. गटसाखळीत मागे पडल्यावरही पुढचा गोल न होऊ देणे मोलाचे असते, हे मुलांना आधी सांगायला हवे होते. पाचव्या स्थानाच्या सामन्यासाठी पुन्हा सव्वा तास थांबावे लागले. तो सामना नऊच मुलांनी खेळला आणि २-१ असा जिंकला.

परतताना बसमध्ये चढण्यापूर्वी आणि चढल्यावर अशी दोनदा मोजणी केली. एक शिनपॅड आणि दोन पाण्याच्या बाटल्या हरवल्या होत्या, कारण त्यांवर नावे नव्हती. डोके आपटलेल्या मुलाला पुढे माझ्याशेजारी बसवले. शाळेपाशी उतरल्यावर त्याच्या आईवडिलांच्या हाती मी लेखी चिठ्ठी दिली: धक्का किती वाजता बसला, तो तेव्हा काय म्हणाला, तपासणीत काय आढळले, आणि डोकेदुखी वाढली, वारंवार उलटी झाली, तो गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा त्याला जागे करणे अवघड वाटले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सरावाला पाठवू नये, हेही त्याच चिठ्ठीत लिहिले होते, आणि तिची एक प्रत मी संघाच्या वहीत लावून ठेवली आहे.