एफजेआर की कॉनकोर्स: डोंगर किती लांब आहे त्यावर

आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात गाड्यांवरून वाद पेटला की तो फिरून फिरून यामाहा आरएक्स१०० आणि कावासाकी-बजाज केबी१०० यांच्यावर यायचा. आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, रालीजवळ राहताना तेच दोन कारखाने पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले. इंजिनं मात्र तेरा-चौदापट मोठी. एकीकडे यामाहाची एफजेआर१३००, दुसरीकडे कावासाकीची कॉनकोर्स १४. युरोपात हीच कॉनकोर्स १४००जीटीआर या नावाने विकली गेली. मला सेकंडहँडच घ्यायची होती आणि कित्येक महिने डोक्यात दुसरा विषय नव्हता.

स्पोर्ट-टूरिंग हा प्रकार आपल्याकडे रस्त्यावर फारसा दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. वळणावर रेसिंग गाडीसारखी झुकणारी, पण दोन माणसं आणि आठवड्याचं सामान घेऊन दिवसभर धावणारी गाडी. बाजूला कुलूपबंद पेट्या, समोर बटणाने वर-खाली होणारी काच, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा. पावसाळ्यात ताम्हिणीतून आल्यावर चेन पुसून तेल घालत बसलेल्या माणसाला शाफ्टचं सुख वेगळं सांगायला नको. शाफ्टच्या डब्यात पाव लिटरपेक्षा कमी तेल, ते ठरलेल्या मुदतीत बदलायचं, बस्स.

आता रस्ते. या भागातल्या प्रत्येक बाइकरच्या तोंडी ब्लू रिज पार्कवेचं नाव असतं. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआपासून नॉर्थ कॅरोलिनातल्या चेरोकीपर्यंत ४६९ मैल, म्हणजे साधारण ७५५ किलोमीटर, डोंगराच्या कण्यावरून जाणारा रस्ता. ट्रकना बंदी, जास्तीत जास्त वेग ताशी ४५ मैल, आणि पेट्रोल भरायचं तर पार्कवे सोडून खाली उतरावं लागतं. वाटेत फाटा घेतला की माउंट मिचेल, ६,६८४ फूट, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं सर्वांत उंच शिखर. पुढे टेनेसीच्या हद्दीवर डील्स गॅप. तिथल्या यूएस १२९ रस्त्यावर ११ मैलांत ३१८ वळणं आहेत. तिथेच एका झाडाला पडलेल्या गाड्यांचे तुटके भाग टांगून ठेवलेत. त्या झाडापाशी पाच मिनिटं उभं राहिलं की उजव्या हाताला आपोआप शिस्त येते.

कागदावर कावासाकी पुढे होती, हे आधीच मान्य करतो. तिचं १,३५२ सीसीचं इंजिन झेडएक्स-१४ या त्यांच्या अतिवेगवान गाडीच्या इंजिनावरून घेतलेलं. त्यात इनटेक व्हॉल्व्हचं टायमिंग गरजेप्रमाणे बदलण्याची सोय. ताकद सुमारे १५५ हॉर्सपॉवर. एफजेआर १,२९८ सीसी आणि सुमारे १४६. कावासाकीच्या पेट्याही मोठ्या, एकेक ३५ लिटरची, यामाहाची ३०. टायरमधल्या हवेचा दाब डॅशवर दिसतो, किल्ली खिशात ठेवूनच गाडी सुरू होते.

ॲशव्हिलला राहणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे कॉनकोर्स आहे. आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी किल्लीच हातात ठेवली. ‘‘अरे, विचारतोस काय, घेऊन जा. दुपारच्या जेवणापर्यंत ये म्हणजे झालं.’’ पार्कवे त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. खालच्या आरपीएमला गाडी गुपचूप, शांत, मोठ्या कारसारखी. काटा सहा हजारांच्या पुढे गेला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि छातीत धडकी भरवणारा जोर येतो. वळणातून बाहेर पडताना मिळालेला तो आनंद मी विसरलेलो नाही. परत आलो तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘हा तर घेणारच.’’ मलाही तसंच वाटत होतं.

मग घरी परतताना आय-४० हायवेवर गाडीत बसल्या बसल्या हिशेब सुरू झाला. राली ते ॲशव्हिल जवळजवळ चारशे किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक रस्ता पट्टीने आखल्यासारखा. काकांची वळणं घरातून निघताच सुरू होतात. माझी वळणं सुरू व्हायच्या आधी मला चार तास सरळ जायचंय, आणि रविवारी संध्याकाळी तेच चार तास परत. कॉनकोर्सला क्रूझ कंट्रोल, म्हणजे थ्रॉटल न धरता वेग कायम ठेवणारी सोय, कधीच आला नाही. एफजेआरला तो २०१३ पासून आहे. ज्यांनी मुंबई-पुण्यापलीकडे सलग एकाच वेगाने बाइक चालवलेली नाही त्यांना ही चैन वाटेल. पण तासन् तास थ्रॉटल एकाच जागी धरून ठेवला की आधी मनगट, मग कोपर, मग खांदा बोलायला लागतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत वळणं घेणारा हात दमलेला असतो. एफजेआरची टाकी २५ लिटरची, कॉनकोर्सची २२. इतक्या लांबच्या पल्ल्यात एखादा थांबा त्यानेच वाचतो.

आई फोनवर विचारायची, ‘‘एवढी जड गाडी कशाला रे?’’ प्रश्न अगदी रास्त होता. आपली क्लासिक ३५० बुलेट १९५ किलोची. एफजेआर पेट्रोल भरून सुमारे २८९ किलो, कॉनकोर्स ३१३. धावताना दोघींचंही वजन जाणवत नाही. ते जाणवतं पार्कवेवरच्या व्ह्यू पॉइंटला. तिथे पार्किंग बऱ्याचदा उतारावर असतं. नाक उताराकडे करून गाडी लावली, मागे बायको, पेट्या भरलेल्या, आणि आता गाडी पायाने ढकलत मागे घ्यायची. काकांच्या गाडीवर मी हे करून पाहिलं. टाकी भरलेली असली की तिचं वजन वरच्या बाजूला डोलतं आणि एक टाच घसरली तर सावरायला काही उरत नाही. दोन गाड्यांमधला २४ किलोंचा फरक मला त्या उतारावर कळला. एफजेआरची सीट वर-खाली करता येते. खालच्या खाचेत ठेवली की माझे दोन्ही पाय नीट टेकतात. माझ्या उंचीच्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

हिचं मत मात्र शेवटपर्यंत कावासाकीकडे झुकलेलं. ‘‘पेट्या मोठ्या आहेत, आणि मागची सीट ऐसपैस आहे,’’ असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मागे बसणाऱ्याला चार तासांत काय होतं ते मागे बसणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे एफजेआर घ्यायची तर पाठीला टेकू असलेली मागची पेटी बसवायचीच, या अटीवर घरातला ठराव मंजूर झाला.

मग वर्षाचा प्रश्न. २०१५ पर्यंतच्या एफजेआरला पाचच गिअर. २०१६ मध्ये सहावा आला, क्लच हलका झाला, एलईडी दिवे आले. मी २०१६ नंतरचीच शोधली. थोडे पैसे जास्त गेले, पण हायवेवर सहाव्यात इंजिन शांत होतं ते मला हवंच होतं. देखभालीचाही फरक आहे. इथल्या मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळच्या बारीक फटीचं माप) तपासायचा तो कॉनकोर्सला १५,००० मैलांवर आणि एफजेआरला २६,६०० मैलांवर. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि वरचं सगळं प्लॅस्टिक उतरवायची मजुरी. सेकंडहँड घेताना ते काम झाल्याचं बिल मागायचंच, नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे.

इथे सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी अजून दोन-तीन गोष्टी. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, स्वच्छ आहे ना ते आधी बघा. अपघातात मोडीत काढून पुन्हा उभ्या केलेल्या गाड्यांवर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का असतो. चासीवरचा सतरा अक्षरी व्हीआयएन सरकारी संकेतस्थळावर टाकला की रिकॉलचं, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने करून द्यायचं दुरुस्तीचं काम बाकी आहे का ते फुकट कळतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी कोरी दिसली तरी रबर जुनं असू शकतं, आणि या वजनाच्या गाडीखाली जुनं रबर मला नको. हेल्मेट नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीत सगळ्यांना सक्तीचं आहे. शेजारच्या साउथ कॅरोलिनात एकवीस वर्षांवरच्यांना नाही. मी तिथेही काढत नाही.

काकांना मी एफजेआर घेतल्याचं कळवलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘तू रालीत राहतोस, तुझं बरोबर आहे.’’ मी ॲशव्हिलला राहत असतो तर कॉनकोर्सच घेतली असती, हे त्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

आता मेच्या शेवटी पार्कवेचा बेत आहे. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला तिथे गाड्यांची रांग लागते, मेमध्ये रस्ता बराच मोकळा मिळतो. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने पार्कवेचे मोठे तुकडे दरडींखाली गेले होते. त्यामुळे कोणता भाग खुला आहे हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या नकाशावर बघूनच मुक्काम ठरवायचा. मुक्काम काकांकडे, आणि पार्कवेवर एक दिवस गाड्यांची अदलाबदल करायचं आमचं ठरलंय.