मैनाची दुडकी : सहावा आठवडा

मंगळवारी सकाळी मैना बारा पावलं दुडकली, तीही छडी न हलवता!

नव्यांसाठी थोडं मागचं सांगते. मैना भीमथडी जातीची घोडी. माझ्या बाजूने दुडकायला, म्हणजे चालीपेक्षा वेगाने हळू धावायला, मी तिला शिकवतेय. माझ्याकडे येण्याआधी ती धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरायची. मेंढ्यांच्या चालीने दिवसभर चालायचं, ओझं हलू द्यायचं नाही, हे तिचं काम. तिला कुणी आळशी म्हटलं की मला राग येतो. घाई न करणं हेच तर तिला शिकवलं होतं.

सुरुवातीला नालबंदाकडून खूर साळून घेतले आणि डॉक्टरांना पाय दाखवले. पुढचा पाय दुखत असेल तर दुडकीत तो टेकताना घोडं मान वर उचलतं. मैनाची मान एका पातळीत राहिली, तेव्हाच पुढचं ठरवलं.

तरी पहिले तीन आठवडे फुकट गेले. मी पुढे होऊन दोरी ओढायचे आणि ती मान लांबवून मागे रेलायची. तोंडावर ताण आला की घोडं उलटा जोर लावणारच. आता मी तिच्या डाव्या खांद्यालगत चालते, नजर बांधावरच्या बाभळीवर, दोरी ढिली. आधी झपझप चाल, मग एकदाच 'चल मैना'. क्षणभर वाट बघायची. हललीच नाही, तर डाव्या हातातली लांब छडी माझ्या पाठीमागून तिच्या कुशीकडे नुसती हलवायची. ती दुडकली की छडी तत्काळ खाली. तीन-चार पावलं झाली की, ती मंदावण्याआधीच मी 'हो' म्हणून थांबवते आणि मान खाजवते. जास्त पावलांचा लोभ धरला की दुसऱ्या दिवशी ती हलतच नाही, हे दोनदा अनुभवलं.

गाजर समोरून द्यायचे, तर ती माझ्यापुढे आडवी यायला लागली. आता तिच्या खांद्याजवळच हात धरते, मान वळवून घेते.

मंगळवारी 'चल' म्हणताच तिचा डावा कान माझ्याकडे वळला. चालीचे चार ठोके थांबले आणि टप-टप, टप-टप असा दोन ठोक्यांचा आवाज सुरू झाला. दोरी अजून ढिलीच होती. मला रडू आलं.

उजवीकडून मात्र अजून अडते. लहानपणापासून सगळ्यांनी तिला डावीकडूनच धरलेलं. उद्यापासून आठवडाभर उजव्या बाजूने फक्त चाल आणि थांबणं.