झाय-सी प्राइम आणि त्याचा एकुलता फोटॉन

विद्यापीठाच्या लायब्ररीतून आल्यापासून डोक्यात एकच बॅरिऑन (तीन क्वार्कचा बनलेला कण) फिरतोय, झाय-सी प्राइम. राजारामपुरीत मैत्रिणीबरोबर चहाला बसले होते तेव्हाही मी तिला हेच सांगत होते, ती बिचारी ऐकून घेते.

त्यात एक चार्म क्वार्क, एक स्ट्रेंज, आणि तिसरा अप नाहीतर डाउन. साधा झाय-सी म्हणजे याचाच धाकटा भाऊ, क्वार्क तेच पण सुमारे ११० एमईव्हीने (कणांचं वस्तुमान आणि एनर्जी मोजायचं एकक) हलका. एरवी असला कण पायॉन, म्हणजे दोन क्वार्कचा एक हलका कण, टाकून हलक्या भावात बदलतो आणि मोकळा होतो, पण सगळ्यात हलका पायॉनच १३५ एमईव्हीचा, तेवढी एनर्जी आणायची कुठून, म्हणजे स्ट्राँग डिकेचा (स्ट्राँग फोर्सने होणाऱ्या झटपट विघटनाचा) रस्ता बंद आणि उरला फक्त फोटॉन, प्रकाशाचा कण. १९९९ मध्ये क्लिओ प्रयोगाचा पेपर आला, त्यांनी तो ह्याच फोटॉनवरून पकडला होता.

आणि मग गणित! झाय-सीत दोन हलक्या क्वार्कचा (चार्म सोडून उरलेल्यांचा) मिळून स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत फिरकी, ०, प्राइममध्ये १. फोटॉन निघायचा तर स्पिन फिरायला पाहिजे. कणाचं वेव्हफंक्शन (त्याच्या अवस्थेचं गणिती वर्णन) लिहून त्यावर मॅग्नेटिक मोमेंटचा, म्हणजे प्रत्येक क्वार्क किती चुंबकासारखा वागतो त्याचा, ऑपरेटर लावला की चार्मची टर्म सरळ शून्य होते, उरते ती दोन हलक्यांच्या मोमेंटची वजाबाकी. एवढा जड चार्म, पण इथे नुसता बघ्या!

प्राइम दोन प्रकारचा, प्लस चार्जवाला आणि न्यूट्रल. प्लस चार्जवाल्यात हलके दोन म्हणजे अप आणि स्ट्रेंज, चार्ज +२/३ आणि −१/३, मोमेंट उलट चिन्हांचे म्हणून वजाबाकीची बेरीज होते. न्यूट्रलमध्ये डाउन आणि स्ट्रेंज, दोघंही −१/३, जवळजवळ सगळं कटतं, जे काही उरतं ते फक्त स्ट्रेंज जरा जड, म्हणून त्याचा मोमेंट जरा लहान, एवढ्यामुळे. अप-डाउनचं वस्तुमान ३३० एमईव्ही आणि स्ट्रेंजचं ५०० धरून केलं तर मोमेंटच्या फरकात जवळपास आठपट तफावत आली, फोटॉन निघायचा रेट या फरकाच्या वर्गाने जातो म्हणजे साठपट! किती सुंदर आहे हे, नुसत्या चार्जवरून.

बरं, न्यूट्रलवाला फोटॉन देत नाही असं नाही हां, त्यालाही दुसरा रस्ता नाहीच, फक्त तो जास्त वेळ टिकतो.

आता ओमेगा-सी स्टार घेणार, त्यात एक चार्म आणि दोन स्ट्रेंज. २००६ मध्ये बाबार प्रयोगाला दिसला, तोही फोटॉनवरूनच, साध्या ओमेगा-सीपासून फरक ७१ एमईव्हीच्या आसपास. तिथे दोन्ही स्ट्रेंजचा स्पिन आधी आणि नंतर १च राहतो, त्यामुळे चार्मची टर्म शून्य होत नाही, तोही कामाला लागतो.