डक स्टँपच्या पैशातून राखलेलं खाजण

आईचं माहेर निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याजवळ. थंडी पडली की पाणपक्षी उतरतात, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे आली होती, म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी तिला एडविन बी. फोर्साइथ अभयारण्यात घेऊन गेलो. पहाटे साडेपाचला निघालो. गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेकडे, एक्झिट ४८ ला उतरून रूट ९, मग ओशनव्हिलला डावीकडे ग्रेट क्रीक रोड. सूर्य उगवताना आत होतो.

गाडी थांबवून काच खाली केली, तोच खाडीच्या बाजूने दोन बार ऐकू आले. आई दचकली. "अरे, अभयारण्य ना हे? मग बंदूक कोण चालवतंय?"

पहिल्यांदा आलो तेव्हा मलाही हाच धक्का बसला होता. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर अभयारण्य आणि बंदूक हे शब्द एकत्र येतच नाहीत. इथे मात्र ही जमीन टिकली त्यात बंदूकवाल्यांचा मोठा वाटा आहे. १९३४ पासून सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी केंद्र सरकारचा डक स्टँप, म्हणजे टपाल तिकिटासारखं दिसणारं शिकारीचं तिकीट, घ्यावाच लागतो. पहिल्या स्टँपवरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं आणि किंमत होती एक डॉलर. आता तो २५ डॉलरला मिळतो. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमीन विकत किंवा भाडेपट्ट्याने घेण्यासाठी जातात. देशभरात अशी ६० लाख एकरांच्या आसपास जमीन राखली गेली आहे.

न्यू जर्सीचा किनारा पाहिलेल्याला याचं मोल लगेच कळतं. पन्नास-साठच्या दशकात इथली खाजणं भराव टाकून बुजवली, मधून कालवे खोदले आणि दारात बोट लागेल अशी घरं बांधली. जे खाजण आधीच विकत घेतलेलं होतं, ते वाचलं. ब्रिगंटाइन अभयारण्य १९३९ चं, बार्निगट १९६७ चं. १९८४ मध्ये दोन्ही एकत्र करून फोर्साइथ या लोकप्रतिनिधीचं नाव दिलं. आज ते ४८ हजार एकरांच्या आसपास आहे.

आठ मैलांचा एकेरी खडीचा रस्ता बांधावरून जातो. कोकणात शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात. इथे बांधाच्या आत पक्ष्यांसाठी पाणी धरून ठेवतात आणि उघाड्यांतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारांतून, ते हंगामाप्रमाणे वरखाली करतात. एका बाजूला शांत तळं, दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटीचं खाजण, पलीकडे अटलांटिक सिटीचे कॅसिनो. पहिल्याच तळ्यावर आईने माझा दंड धरला. "थापट्या!" रस्त्यापासून वीस हातांवर सातआठ थापट्या बदकं चोच पाण्यात अर्धी बुडवून, मान डावीउजवीकडे फिरवत पाणी गाळत चालली होती. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यात बारीक जीव अडकतात. पलीकडे तलवार बदकंही होती. दोन्ही जाती आईने माहेरी पाहिलेल्या. पुढचा अर्धा तास तिने गाडी हलू दिली नाही.

इथली खरी शान मात्र ब्रँट. बदकाहून जरासाच मोठा, काळ्या मानेचा कलहंस, उत्तर ध्रुवाकडून हिवाळ्यापुरता येणारा. १९३० च्या दशकात रोग पडून ईलग्रास हे खाडीतलं गवत जवळजवळ नाहीसं झालं. ब्रँट त्यावरच जगायचे, ते उपाशी मेले. जे उरले ते समुद्री शेवाळ खाऊन तगले. ओहोटीच्या चिखलात त्यांचा थवा गुरगुरत हिरवं शेवाळ ओढताना पाहिला तेव्हा मला हेच आठवत होतं.

दुपारी स्कॉट्स लँडिंगच्या धक्क्यावर गेलो. सत्तरीचे एक गृहस्थ बोट ओढत होते, सोबत भिजलेला लॅब्रडॉर. बोटीत दोन ब्रँट पडलेले. आईने मान वळवली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी गोणीतून, खरे पक्षी भुलून जवळ यावेत म्हणून पाण्यात सोडतात ते लाकडी फसवं बदक काढून तिच्या हातात दिलं. त्यांच्या आजोबांनी सीडरचे दोन तुकडे आतून कोरून जोडलेलं, पोकळ आणि हातात घेतल्यावर नवल वाटावं इतकं हलकं. पाठीवरचा रंग जिथे दोरी घासते तिथेच तेवढा उडालेला. मारलेला प्रत्येक पक्षी घरी शिजतो, म्हणाले. लहानपणी ते ज्या खाजणात बापाबरोबर जात, तिथे आता घरं आहेत, हेही सांगितलं.

मी बंदूक हातात धरणार नाही. मेलेला ब्रँट पाहून पोटात कालवतं आणि कालवत राहील. तरी या माणसाने पन्नासेक वर्षं स्टँप घेतलेत आणि मी फक्त फोटो काढलेत, हा हिशेब मला टाळता येत नाही. म्हणून चार वर्षांपासून मीही स्टँप घेतो.

जाणाऱ्यांनी गाडीतूनच बघावं. पक्षी गाडीला बुजत नाहीत, दार उघडलं की उडतात. शिकारीचा भाग वेगळा, खुणा लावलेला असतो. पक्ष्यांना अभय मिळावं म्हणून घेतलेल्या जमिनीचा साधारणपणे ४० टक्क्यांहून जास्त भाग पाणपक्ष्यांच्या शिकारीला खुला करता येत नाही. शिशाचे छर्रे तर १९९१ पासून बंदच आहेत. बारांचा त्रास होत असेल तर रविवारी जा, न्यू जर्सीत त्या दिवशी पाणपक्ष्यांची शिकार बंद असते. हरणांच्या शिकारीसाठी रस्ता कधीकधी बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. नोव्हेंबर सगळ्यात भरगच्च; कडाक्याची थंडी पडली की तळी गोठतात आणि बदकं खाडीकडे सरकतात. वारा बोचरा असतो, कानटोपी हवीच. जुलैत लहान मुलांना नेऊ नका. हिरव्या डोळ्यांच्या माश्या कपड्यावरूनही चावतात, आम्हाला काचा बंद करून परतावं लागलं होतं. जूनमध्ये कासवं अंडी घालायला रस्त्यावर येतात, गाडी अगदी हळू हाका.

स्टँप पोस्टात किंवा अभयारण्याच्या माहिती केंद्रात मागा. तो १ जुलै ते ३० जून चालतो आणि दाखवला की गाडीचं प्रवेशशुल्क माफ होतं. आईने स्वतःच्या पैशाने एक घेतला. निफाडला न्यायचा म्हणून पाकिटात ठेवला, तर मी पटकन म्हणालो, "अगं, परवा पुन्हा यायचंय, तोवर गाडीत राहू दे."