रेकॉर्डर बंद झाल्यावर

आज 19 वर्षांच्या एका मुलाची मुलाखत घेतली. "पाचही वेळची नमाज पढतोस का?" असं विचारलं. "हो." रेकॉर्डर बंद केला तसा हसून म्हणाला, "फज्र (पहाटेची नमाज) बऱ्याचदा चुकते. मग उठल्यावर कजा (चुकलेल्या नमाजेची भरपाई) पढतो."

चूक माझीच. अशा प्रश्नाला 'हो'शिवाय काय म्हणणार बिचारा! "आज पहाटे काय झालं?" एवढंच विचारायचं होतं. इस्लामकडे वादसंवादातून घडत आलेली परंपरा म्हणून पाहा, असं मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी 1986 मध्येच मांडलंय. आणि मी मात्र हजेरी घेत बसलेलो!

नंतरचं ते वाक्य वहीत लिहू का, असं त्यालाच विचारलं. जरा थांबून म्हणाला, "लिहा. नाव नको फक्त. अम्मी वाचेल."